तुळशीरामासाठी माईक

तुळशीराम म्हात्र्याचा आवाज एके काळी अख्ख्या खारीत ऐकू जायचा. खार म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली भातजमीन. बांधाला कुठं भगदाड पडलं की तुळशीराम बांधावर उभा राहून हाक घालायचा, आणि वेताळपाड्यातली माणसं भरली ताटं सोडून फावडी घेऊन धावत सुटायची. पुढं त्याच्या गळ्यात गाठ झाली. मुंबईला नेऊन ती कापून काढली. जीव वाचला, पण आवाज गाठीबरोबर गेला. मागं राहिली ती नुसती कुजबुज. सुक्या पेंढ्यावरून कुणी चालत जावं, तशी.

तरी गावात त्याचा मान होता. खारीचा तो पंच. त्याला काही विचारायचं झालं तर माणसं वाकून त्याच्या तोंडाशी कान नेत. त्याच्या मुलाला, चांगदेवला, ते बघवत नसे. दोन वर्षांपूर्वीच्या एका बैठकीत दादू भोईर तुळशीरामाशेजारी उभा राहून त्याचं एकेक वाक्य मोठ्यानं सांगत होता. सांगता सांगता त्यानं पदरचं तिखटमीठ घातलं आणि बैठक हसली. तुळशीरामही कसनुसा हसला. दादूच्या मनात काही वाईट नव्हतं, तो तुळशीरामाचा जन्माचा सोबती. पण चांगदेवच्या काळजात ते हसू काट्यासारखं रुतून बसलं.

चांगदेव ठाण्याला कमळाकर ताम्हण्यांच्या रेडिओच्या दुकानात कामाला होता. मॅट्रिकला गणितात आपटला, पण हात सोन्याचा. मुका रेडिओ त्याच्यापुढं ठेवला की बोलता व्हायचा. काम मात्र असेल तेव्हाच. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कमळाकरशेठ म्हणायचे, "चांगदेव, उद्या नाही आलास तरी चालेल." महिन्यात असे 'उद्या' बरेच यायचे.

त्रेसष्ट सालच्या फाल्गुनात, भाताची खळी उरकल्यावर, गावात बातमी आली. एका कारखान्याला खार हवी होती. सगळीच्या सगळी. रविवारी सकाळी बहिरीच्या देवळापुढं गाव जमणार, कंपनीचे मॅनेजर स्वतः येणार आणि गावाचं म्हणणं ऐकणार. खार सामायिक, बांध एक, पाणी एक. एकानं दिली आणि दुसऱ्यानं नाही असं तिथं चालण्यासारखं नव्हतं. त्यामुळं सगळ्यांची नजर तुळशीरामावर.

"तुलशीराम नाय बोलला की झाला," दादू ओट्यावर बसून बोलला. "त्याच्या पुढं कोनाची छाती हाय?"

तुळशीराम विडीची राख झटकत राहिला.

चांगदेवच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरायला लागलं होतं. या खेपेला बाबांचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या तोंडून जायचं नाही. बाबा बोलतील आणि गाव ऐकेल.

कर्णे आणि ॲम्प्लिफायर गोटीरामकडं होते. गोटीरामची भाताची गिरणी होती आणि हमरस्त्याच्या तारांवरून गावात वीज आली ती पहिल्यांदा तिथंच. लग्नसराईत तो कर्णे भाड्यानं द्यायचा. पण त्याचा माईक असा, की त्यात ओरडलं तर तो बोलायचा. कुजबुज त्याच्या गावीही नसायची.

ठाण्याच्या दुकानात फळीवर एक माईक धूळ खात पडला होता. गिरगावातली एक रेकॉर्डिंगची कंपनी बुडाली, तिच्या भंगारात तो आलेला. मुठीएवढा जाड, वर पितळेची जाळी. त्याच्या पोटात एक बारकी काचेची व्हॉल्व्ह होती. तिला पेटायला वेगळी वीज लागे आणि माईकला ऐकायला वेगळी. ती देणारी पेटी कुठंतरी हरवली होती.

"पेटीशिवाय ही नुसती मारुतीची गदा आहे," कमळाकरशेठ म्हणाले. "पण एकदा पेटला ना चांगदेव, तर माणसाचा श्वासदेखील पकडतो. बघ, बनवता आली पेटी तर घेऊन जा. फक्त घाईनं जोडू नकोस. उलटी वीज गेली तर जाळीतून धूर निघेल."

चांगदेवनं माईक रुमालात गुंडाळून घरी आणला.

पेटी गिरणीच्या मागच्या खोलीत बनायला लागली. जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या एकाची व्हॉल्व्ह, तिसऱ्याचे कंडेन्सर, आणि पत्र्याचा बिस्किटाचा डबा. तारा जोडायच्या डाखाचा वास कोंड्याच्या वासात मिसळून जायचा. तुळशीराम दुपारचा कधी गिरणीत यायचा आणि पोत्यावर बसून बघायचा.

"कशाला इतका खटाटोप?" तो एकदा कुजबुजला. "मना नको तो भोंगा."

"बाबा, तू बघ तर खरा." चांगदेवनं पेटी त्याच्याकडं वळवली. "ही गिरणीतली वीज भरती-ओहोटीसारखी हाय. घटकेत पुढं, घटकेत मागं. माईकला ती चालत नाय. म्हनून ही व्हॉल्व्ह. आपल्या बांधाच्या उघाडीसारखी. पानी बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाय. आनि हे कंडेन्सर म्हंजे डबकी. उघाडीतून उड्या मारत आलेलं पानी हितं ठरतं, नि पुढं सपाट जातं."

तुळशीरामनं मान हलवली. आयुष्य उघाडीच्या तोंडाला लाकडी झापं बसवण्यात गेलेल्या माणसाला ते एका झटक्यात समजलं. त्यानं बोटानं व्हॉल्व्हला हळूच स्पर्श केला.

"झाप सडला तर?"

"तर खारं पानी आत. माईक खलास."

"हं," तुळशीराम म्हणाला आणि उठून गेला. चांगदेवला वाटलं, बाबा लाजतोय. इतक्या वर्षांत मोठ्यानं बोललेला नाही, भीती वाटत असेल.

पहिल्या खेपेला माईक जोडलाच नाही. त्याच्या जागी चांगदेवनं माईकएवढाच भार ओढतील असे रेझिस्टन्स लावले, मीटरचे काटे टेकवले आणि खटका दाबला. काटा एकशेवीसवर जाऊन ठरला. चांगदेव हसला, आणि त्याच वेळी डब्यातून चुर्र आवाज आला. जुना कंडेन्सर फुगला, फटकन फुटला आणि खोली कुजक्या वासानं भरली. गोटीराम धावत आला. "गिरनी पेटवतंस काय रं?"

चांगदेवनं दुकानातून नवा कंडेन्सर आणला. या वेळी पेटी बराच वेळ चालू ठेवली, ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून तो किती तापतो ते पाहिलं, काटा पुन्हा पुन्हा तपासला. मग मन घट्ट करून माईक जोडला. जाळीच्या आत व्हॉल्व्हचा लालसर ठिपका पेटला. कर्ण्यातून मात्र आवाज आला तो घूंऽऽ असा, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा. गोटीरामनं कानात बोटं घातली.

ते घूं काढण्यातच सगळा जीव गेला. चांगदेवनं तारा सोडवल्या, पुन्हा बांधल्या. व्हॉल्व्ह पेटवणारी वीजही सपाट करून घेतली. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात दूर नेला. घूं कमी झालं, पण गेलं नाही. शेवटी ध्यानात आलं की अर्थिंग दोन ठिकाणी झालंय, एक पेटीतून आणि एक ॲम्प्लिफायरमधून. त्यानं एक तोडलं आणि दुसऱ्यासाठी गिरणीमागच्या ओल्या खाऱ्या मातीत पहार ठोकली. खटका दाबला तर कर्णा मेल्यासारखा गप्प. गोटीराम म्हणाला, "बंद पडला." चांगदेवनं माईकपुढं दोन बोटं एकमेकांवर घासली. कर्ण्यातून त्या बोटांची खरखर अंगणभर पसरली.

शनिवारी गिरणी बंद होती. चांगदेव वडलांना हाताला धरून घेऊन आला. तुळशीराम माईकपुढं उभा राहिला, देवापुढं उभं राहावं तसा, हात जोडायचे की नाही ते न कळून.

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

ते दोन शब्दच कर्ण्यातून बाहेर पडले, गिरणीवरून, चिंचेवरून, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून पार खाडीपर्यंत गेले. अंगणात तांदूळ पाखडत असलेली येसूबाई, चांगदेवची आई, सूप तसंच टाकून गिरणीकडं धावत आली. दारात येऊन थबकली. तुळशीरामला माईकपुढं बघून तिनं तोंडाला पदर लावला आणि मटकन पायरीवर बसली. गाठ कापल्यापासून तिनं नवऱ्याचा आवाज असा ऐकला नव्हता. चांगदेवचेही डोळे भरून आले. त्यानं उगाच पेटीवर वाकून एक तार चाचपली.

तुळशीराम मागं सरकला. पोराच्या कानाशी लागून त्यानं विचारलं, "याचा आवाज कमी करता येतो काय रं?"

"कशाला कमी करायचा? तुझ्याचसाठी केलाय ना!"

"मना दादू चालंल. मी त्याच्या कानात सांगेन."

"दादू तुझी मस्करी करतो बाबा. आता नाय. तूच बोलायचं."

तुळशीरामनं बायकोकडं पाहिलं. येसूबाईनं नजर खाली घातली. त्या दोघांमधलं ते बघणं चांगदेवला दिसलं होतं. पण आनंदात असलेल्या माणसाला दिसतं पुष्कळ, कळत नाही.

रविवारी देवळापुढं गाव जमलं. बाप्ये पारावर आणि जमिनीवर, बाया पलीकडं कुंपणाशी. गिरणीतून तार ओढून आणली होती. चांगदेव पेटीशेजारी गुडघ्यावर बसला होता, अंगात धुतलेला सदरा, कपाळावर घाम. कंपनीचे मॅनेजर मोटारीतून आले, हातातली टोपी मांडीवर ठेवून खुर्चीत बसले आणि माईकमध्ये बरंच बोलले. कारखाना येईल, रस्ते होतील, तरुणांना कामं मिळतील. आवाज इतका स्वच्छ की मॅनेजरांनीच एकदा कौतुकानं माईककडं पाहिलं.

मग दादू उठला. "आमच्या बाप-आज्यांनी टोपल्या वाहून हा बांध घातला," तो म्हणाला. "माज्या आज्याचा भाऊ त्या बांधात गाडला गेला, भरतीच्या पान्यात. आमी खार देनार नाय. आनि मी कशाला बोलू? आमचा पंच बोलंल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे तुळशीरामाकडं वळले.

तुळशीराम उठला, पण माईककडं आला नाही. मॅनेजरांच्या खुर्चीपाशी गेला आणि पाठ गावाकडं करून उभा राहिला. चांगदेवला वाटलं, बाबा अखेरच्या क्षणी घाबरला. त्यानं माईकचा दांडा उचलला, मागनं हळूच जाऊन वडलांच्या खांद्यापाशी धरला आणि दुसऱ्या हातानं गोटीरामला खूण केली. गोटीरामनं ॲम्प्लिफायरचा कान पिळला.

तुळशीराम वाकून मॅनेजरांच्या कानात बोलत होता. आणि कर्णे बोलले:

"सायेब, मी तुमाला सबूद दिलेला हाय. आता मना गावापुढं बोलाया लावू नका. मी गप ऱ्हातंय. मी गप बसलो की गाव फुटंल. पोराच्या नोकरीचं तेवडं इसरू नका."

एकेक अक्षर. मधला श्वास, गळ्यातली ती छोटीशी खट्, सगळं. चिंचेवरचे बगळे उडाले. पलीकडं मिठागरात काम करणाऱ्यांनी माना वर केल्या.

चांगदेवच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्यासाठी तो पुढं जन्मभर स्वतःला शिव्या घालत राहिला. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, घूं नाही. जराही घूं नाही. मग अर्थ आत उतरला. खटका दोन पावलांवर होता, पण हात दांड्याला चिकटून राहिला.

तुळशीराम वळला. पोराच्या हातातला माईक त्यानं पाहिला. तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. आता एक शब्द बोलला असता तर तोही खाडीपार गेला असता.

"तुलशीराम," दादू म्हणाला. त्याला माईकची गरज नव्हती. "तू बोललास, ता खरा?"

तुळशीरामनं मान खाली घातली. कुंपणाशी कुणीतरी बाई थुंकली. मॅनेजर टोपी घालून उठले आणि मोटारीकडं निघाले. गावानं तुळशीरामाला वाट करून दिली. प्रेताला देतात तशी, अंग चोरून.

घरी येसूबाई चुलीपुढं बसली होती, चूल पेटवली नव्हती. चांगदेव आत आला तोच ओरडत.

"कोनी सांगितलं होतं तुला? मी मागितली होती नोकरी? मी?"

तुळशीराम भिंतीला टेकून बसला होता. बोलायला लागला, पण चांगदेव मोठमोठ्यानं बोलत होता, त्यामुळं काहीच ऐकू येईना. शेवटी येसूबाईनं मुलाचा दंड धरून खाली बसवलं. "ऐक. तो काय बोलतो ता ऐक."

"खार जानार," तुळशीराम कुजबुजला. "आज नाय तं उद्या. रस्त्याकडची गेली, तुर्भ्याकडची गेली. दादू नाय बोलतो, दोन पावसाळं नाय बोलंल. मंग तोबी देईल. तू ठान्याला जातंस, शेठ परत धाडतो. मी मेल्यावर तू काय खानार? फुटके रेडिओ?"

"म्हनून गाव इकलास? माज्या नावानं?"

"मी गप बसनार होतो. कोनाला कललाच नसता." तुळशीरामचे डोळे कोरडे होते. "मी तुला बोललो होतो, नको म्हनून. कितीदा बोललो!"

चांगदेवचा राग आणखीच वाढला. तो गिरणीत गेला आणि पेटीच्या तारा एकेक करून तोडल्या. कुणी थांबवलं असतं तर बरं झालं असतं. कुणी थांबवलं नाही. गोटीराम दारात उभा होता. तो एवढंच म्हणाला, "माईक तरी शेठचा हाय ना रं?" चांगदेवनं माईक दुकानात परत नेऊन दिला. कमळाकरशेठनी विचारलं, "काय, चालला का?" "चालला," चांगदेव म्हणाला.

तुळशीराम म्हणाला होता तसंच झालं, आणि तेच गावाला कधी माफ करता आलं नाही. पुढच्याच वर्षी पूर्वेकडच्या चार घरांनी शब्द दिला. मग वरच्या आळीनं. एका पावसाळ्यात बांध फुटला तेव्हा हाक घालायलाही कुणी गेलं नाही, नि खारं पाणी आत येऊन भात जळलं. त्यानंतर दादूनंही दिली. दादूचे दोन्ही मुलगे कारखान्यात लागले. पण बोलताना गाव म्हणायचं, "खार तुलशीरामनं इकली." आपण विकली असं कुणीच म्हणालं नाही. एका माणसाचं पाप सगळ्या गावानं ऐकलेलं होतं. बाकीच्यांची पापं घराघरात, दारं लावून झाली होती.

तुळशीरामाशेजारी बसायला कुणी येईना. लग्नाच्या मांडवात त्याला पान मिळे, पण त्याच्या तोंडाशी कान नेणारं कुणी उरलं नाही. तो बोलायचा कमी झाला, मग जवळजवळ थांबलाच.

कारखाना उभा राहिल्यावर चांगदेवनं पहिली दोन वर्षं नोकरी नाकारली. ताठ मानेनं ठाण्याला जात राहिला. मग त्याचं लग्न झालं, सगुणा घरात आली. बाजारात ट्रान्झिस्टर आले, दुकानात व्हॉल्व्हचे रेडिओ येईनासे झाले आणि कमळाकरशेठनी एक दिवस 'उद्या' हा शब्दही न काढता हिशेब चुकता केला. चांगदेव कारखान्याच्या फाटकावर गेला. मॅनेजर बदलले होते, तरी जुना शब्द पाळला गेला. त्याला विजेच्या खात्यात घेतील असं वाटलं होतं. माल भरायच्या खात्यात घेतलं. त्याच खारीवर, मुरूम घालून उंच केलेल्या जमिनीवर, तो पिंपं ढकलायला लागला. बापाशी तो कामापुरतं बोलायचा.

एका दुपारी तुळशीराम कारखान्याच्या फाटकावर आला. चांगदेवनं त्याला पिंपांच्या राशीआडून पाहिलं. परगावचा पहारेकरी वाकून, हात कानाशी नेऊन ओरडत होता, "अरे बाबा, जोर से बोल! किसको मंगता?" आजूबाजूचे दोघे हसले. चांगदेव लगेच पुढं झाला नाही. कुणी म्हणायला नको, तो तुझा बाप ना, म्हणून तो एक पिंप ढकलून येईपर्यंत थांबला. मग गेला.

तुळशीराम फाटकाच्या गजांना धरून काहीतरी बोलला. मागं यंत्रं घरघरत होती. चांगदेवला ओठ हललेले दिसले.

"घरी आल्यावर बोलू," तो म्हणाला. "हितं काय आलास?"

तुळशीराम पुन्हा बोलला. चांगदेवनं वाकायला हवं होतं. तो वाकला नाही. "जा आता, सायेब बघतो," म्हणाला आणि मागं फिरला. तुळशीराम गजांना धरून जरा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

संध्याकाळी सुटी झाल्यावर चांगदेव गावात शिरला तर दादूच्या ओट्यापुढं माणसं बसली होती, डोक्याला पंचे गुंडाळलेली. दादू सकाळी गेला होता. छातीत कळ आली आणि गेला. खाडीकाठी त्याला जाळून लोक नुकतेच परत आले होते.

चांगदेव घरी आला. तुळशीराम आतल्या भिंतीला टेकून बसला होता. अंगात स्वच्छ सदरा, खांद्यावर नवा पंचा. तो प्रेतयात्रेला गेला नव्हता, ते बघताच कळत होतं. एकट्यानं त्या माणसांमध्ये जायचं त्याचं धाडस झालं नव्हतं.

"दादूकाका गेला," चांगदेव म्हणाला. "मना कोनी सांगितलं कसं नाय?"

येसूबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. तुळशीरामनं मुलाकडं पाहिलं. या वेळी घर शांत होतं. चांगदेवला नीट ऐकू आलं.

"मी सांगितला होता," तुळशीराम म्हणाला. "दोनदा."